शर्टावरची पावडर

"घरात कुणी कसलं मलम लावतं? गोळ्या वगैरे?" उल्हासनगरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

प्रगतीनं नकारार्थी मान हलवली. तिची मुलगी राजसी सात वर्षांची. महिन्यापूर्वी तिला आंघोळ घालताना प्रगतीच्या हाताला छातीत गाठ लागली होती. आता दोन्हीकडे होती. हाताच्या एक्स-रेत हाडं दहा वर्षांच्या मुलीची दिसत होती.

"तुम्ही काय काम करता?" त्यांनी प्रगतीच्या नवऱ्याला, मुकेशला विचारलं.

"अंबरनाथला, एमआयडीसीत. गोळ्यांच्या मशीनवर."

"कसल्या गोळ्या?"

मुकेश जरा अडखळला. "बायकांच्या. हार्मोनच्या."

"कपडे कुठं बदलता?"

"घरीच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "शरीरात या हार्मोनसाठी जागा ठरलेल्या असतात. बाहेरून आलेलं औषधही तिथंच जाऊन चिकटतं. ते शरीरानं बनवलं की बापाच्या शर्टावरून आलं, हे त्या जागेला कळत नाही. मुलगी मोठी करायची वेळ झाली, एवढंच कळतं."

मुकेश बदलापूरला घरी पोचला की राजसी चाळीच्या तोंडाशी धावत यायची, आणि तो तिला तसाच उचलून घ्यायचा. घरात शिरेपर्यंत तिचं तोंड त्याच्या मानेत खुपसलेलं असायचं.

रिक्षात प्रगतीनं हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हिचं नव्हतं माहीत."

"मग कुणाचं होतं?"

घरी आल्यावर राजसीला शेजारी पाठवून त्यानं दार लावलं आणि शर्ट-बनियन काढलं. दीड वर्ष तो भर उकाड्यातही बनियन घालून, भिंतीकडे तोंड करून झोपत होता. त्याचं मन दुसरीकडे कुठं लागलंय, असं प्रगतीनं धरून ठेवलं होतं. तिनं त्याच्या सुजलेल्या छातीकडे पाहिलं, बराच वेळ. मग शर्ट उचलून त्याच्या हातात दिला.

"तेव्हाच बोलला असतात तर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सुपरवायझरसमोर उभा राहिला. "साहेब, ही पावडर मला बाधलीय, माझ्या कपड्यांवरून पोरीलाही. आंघोळीला जागा द्या. कपडे इथंच ठेवायला कपाट द्या."

"कपाट परमनंटला असतं. तू कॉन्ट्रॅक्टवाला. आणि मास्क देतो ना आम्ही? बाकी कुणाला काय झालं नाय, तुलाच कसं झालं?"

मुकेशनं सगळ्यांसमोर शर्ट काढला, मग बनियन. मागून कुणीतरी हसलं. पावडर मिसळायच्या खात्यात अकरा वर्षं काढलेले आण्णा डबा बंद करून उठले आणि शर्टाची बटणं काढू लागले.

"मला वाटलं, वयामुळं झालंय," ते म्हणाले.

त्यांच्यामागून आणखी तिघं उठले.

पाचही जणांनी सह्या करून सरकारी कचेरीत तक्रार दिली. पुढच्या सोमवारी वॉचमननं त्या पाचांना गेटवरच थांबवलं. तक्रारीचं उत्तर अजून आलेलं नाही. मुकेश आता उल्हासनगरात एका फर्निचरवाल्याकडे माल चढवतो.

सहा महिन्यांत राजसीच्या गाठी विरल्या. "हाडांचं मात्र मागं नेता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता भराभर वाढेल, आणि लवकरच थांबेल. उंचीला कमीच राहील बहुतेक."

शाळेत प्रार्थनेच्या रांगेत बाई आता तिला सगळ्यात मागं उभं करतात. ते ती चाळभर सांगत फिरते.

"पप्पा, वर्गात मीच सगळ्यात उंच आहे. मी तुमच्याएवढी होणार ना?"

मुकेश तिच्या वेणीला रिबन बांधत होता. गाठ सैल पडली, म्हणून त्यानं ती सोडून पुन्हा बांधली.

"होशील की," तो म्हणाला.