निळ्या झाकणाचा डबा

वादळ येऊन गेलं की आमच्या बायूवर, म्हणजे या दलदलीतल्या संथ खाडीच्या काठावर, माणसं एकमेकांना आधी छपराचं विचारत नाहीत, फ्रीझरचं विचारतात. छप्पर काय, ताडपत्री ओढली की निभतं. पण वीज गेली की घरोघरच्या फ्रीझरमधली वर्षभराची कोळंबी, मासे, खेकड्याचं मांस, कुणाची बदकं, कुणाचं हरणाचं सॉसेज, सगळं हळूहळू पाणी सोडायला लागतं. मग घराखाली मोठी शेगडी मांडायची, ज्याच्याकडे जे आहे ते त्याने आणायचं आणि नासायच्या आत सगळ्यांनी मिळून खाऊन टाकायचं. अंगणात झाड आडवं पडलेलं असतं, बायूचं पाणी पायरीला लागलेलं असतं आणि माणसं मात्र लग्नात जेवल्यासारखी जेवत असतात.

या खेपेलाही नोएलीच्या घराखाली तेच चाललं होतं. आमच्याकडे घरं उंच खांबांवर, खाली सगळं मोकळं. तिथे नोएलीचा नवरा एल्फेज सकाळपासून शेगडीला चिकटलेला. सगळी आळी काही ना काही घेऊन येत होती. येत नव्हता तो फक्त शेजारचा ओव्हिड व्हेरे.

ओव्हिड म्हणजे नोएलीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण, अर्लीन, गेल्या वर्षी थंडी पडायच्या आधीच पोटाच्या दुखण्याने गेली. तेव्हापासून ओव्हिड एकटा.

हा माणूस जन्मभर जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर राबला, पण गावात त्याचं नाव होतं ते खाण्यासाठी. जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहून नाक वर करायचा आणि सांगायचा, आज कालवं आहेत, किंवा आज खेकडा आहे पण कांदा जरा जास्त परतलाय. लोक म्हणायचे, ओव्हिडने लग्न पातेल्याशी केलं, अर्लीन त्याच्यासोबत फुकट आली. हे ऐकून अर्लीनच सगळ्यात जास्त हसायची. स्वतः त्याने कधी डाव हातात धरला नाही. त्याचं काम म्हणजे कोळंबी सोलायची आणि अर्लीनच्या पाठीमागच्या टेबलाशी कॉफी घेऊन बसायचं. अर्लीन पातेल्यात बघत उभी. मधेच ती डावात थोडं घ्यायची आणि मागे न बघताच हात मागे करायची. म्हणायची, "सांग." तो चाखायचा. "मीठ," म्हणायचा, नाहीतर "झालं." चाळीसेक वर्षं दोघांचा संसार हा असा चालला. यापेक्षा जास्त गोड बोलणं त्यांना कधी लागलं नाही.

ती गेल्यावर फ्रीझर उघडला तर आत तिच्या हातचं बरंच काही निघालं. खेकड्याच्या वड्या, कोळंबीचं दाट कालवण, भरलेल्या मिरच्या. ओव्हिडने ते पुरवून पुरवून खाल्लं. रविवारी थोडं, तिच्या वाढदिवसाला थोडं. थंडी सरता सरता तळाशी एक डबा उरला. आइस्क्रीमचा जुना, निळ्या झाकणाचा. अर्लीन गंबो नेहमी त्याच डब्यात ठेवायची. गंबो हे आमचं गडद, पातळ कालवण, भातावर ओतून खायचं. आळीतल्या प्रत्येक बाईचा गंबो वेगळा आणि प्रत्येक नवऱ्याला आपल्याच घरचा खरा वाटतो.

तो डबा ओव्हिडने उघडला नाही. तो संपला की अर्लीनच्या हातचं जगात काही उरणार नव्हतं. अधूनमधून फ्रीझरचं झाकण उचलायचा, बर्फाची पिशवी बाजूला सारायचा, डबा बघायचा आणि झाकण लावायचा. एकदा नोएलीने त्याला तसं पकडलं. ती काही बोलली नाही, आणि नोएलीने न बोलणं म्हणजे बघा किती मोठी गोष्ट.

आता वीज गेली तशी ओव्हिडने जनरेटर लावला, पण त्याला फक्त फ्रीझर जोडला. पंखा नाही, दिवा नाही. ओलं फडकं मानेवर टाकून तो व्हरांड्यात बसून राहिला. नोएलीने खालूनच हाक मारून त्याला चांगलं धुतलं. म्हणाली, म्हातारी माणसं घामाने वितळतायत आणि हा बाबा एका डब्याला थंड हवा घालतोय.

पण पेट्रोल किती पुरणार. हायवेवरचा पंप पाण्यात होता. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला. ओव्हिडने डबा बर्फाच्या पेटीत हलवला. सैनिकांच्या ट्रकवर बर्फ वाटत होते, तिथून पिशव्या आणून वर रचल्या. त्या उन्हात बर्फ कसला टिकतो. दुसऱ्या दुपारी त्याने पेटीत हात घातला तर नुसतं गार पाणी, आणि डब्याच्या कडा बोटाला मऊ लागल्या.

नोएली तेव्हा जिना चढून वर आली. गुडघे दुखत असूनही आली. पेटीत बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"आज खा, नाहीतर टाक," ती म्हणाली. "टाकलास तर ती वरून डाव फेकून मारेल तुला."

"खातो."

"खाली घेऊन ये. सगळे बसू."

"नाही," ओव्हिड म्हणाला. "हा माझा आहे."

आमच्याकडे गंबो एकट्याने कुणी खात नाही. पातेलं चढलं की दार उघडं ठेवायची रीत आहे. त्यामुळे हे बोलणं नोएलीला लागलं. पण ती एवढंच म्हणाली की मग भात तरी नीट शिजव, आणि कठडा धरत धरत खाली गेली.

ओव्हिडने गॅसच्या छोट्या शेगडीवर भात लावला. तो खालून थोडा करपला. टेबल पुसलं. एक ताट घेतलं, मग थोडा वेळ थांबून दुसरंही घेतलं, आणि परत कपाटात ठेवलं. फिलेची बाटली काढली. सासाफ्रासच्या झाडाच्या पानांची, गंबोवर भुरभुरायची ती हिरवी पूड अर्लीन स्वतः कुटायची. तळाला जेमतेम उरली होती. एवढं सगळं झाल्यावर त्याने डबा समोर घेतला. नाक आधीच तयार होतं. त्याने निळं झाकण उचललं.

आत गंबो नव्हता.

आत कोळंबीची डोकी होती. डोकी, सालं, खेकड्याच्या रिकाम्या पाठी आणि मोडलेल्या नांग्या, सगळं दाबून दाबून भरलेलं, मधे अजून बर्फाचा गोळा. इतके महिने तो ज्याला अर्लीनचं शेवटचं जेवण समजत होता, ती सालं होती.

आमच्याकडची कुठलीही बाई सालं टाकत नाही. ती उकळून जे पाणी निघतं त्यावरच गंबो उभा राहतो. आणि डबे सगळ्यांकडे तेच, आइस्क्रीमचे. कुणी वर काही लिहीत नाही. बाईला आपलं ठाऊक असतं काय कशात आहे. बाई गेली की ठाऊक असणारं कुणी राहत नाही.

ओव्हिडला पहिल्यांदा हसूच आलं. म्हणजे तोंड तसं झालं. मग त्याला ती डोकी ओळखू आली.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधली कोळंबी ती. मोसम उघडला तेव्हा त्यानेच चुलतभावाच्या बोटीवरून आणलेली, पेटी भरून, मोठी, पांढरी. अर्लीन तेव्हा खुर्चीतून फारशी उठत नव्हती. तरी म्हणाली, इकडे आण. मांडीवर टॉवेल पसरून सोलायला बसली. दहा सोलायची, डोळे मिटायची, परत दहा. तो म्हणाला होता, राहू दे, डोकी टाकून देतो, वास मारतील. तेव्हा ती केवढी चिडली होती. म्हणाली, डोकी टाकणाऱ्याने माझ्या टेबलाशी बसू नये.

बाजूला भात गार होत होता. गंबो कोण उन्हाळ्यात करतं. उत्तरेचा पहिला गार वारा सुटला की सगळी आळी एका दिवशी पातेली चढवते. ऑगस्टमध्ये सालं भरून ठेवायची ती त्या दिवसासाठी.

हे ध्यानात आलं तसा ओव्हिड खुर्चीवर मागे टेकला.

डॉक्टरांनी हात टेकल्यापासून अर्लीन त्याला एकच सांगत आली होती. मी तयार आहे. माझं सगळं झालं. तू माझी काळजी करू नकोस. इतक्या शांतपणे सांगायची की त्याने ते घट्ट धरून ठेवलं होतं. सगळं वर्ष त्याने त्या एका गोष्टीवर काढलं. लोक समाचाराला आले, पाद्री आला, प्रत्येकाला तो तेच सांगायचा, ती समाधानाने गेली हो, तिची तयारी झाली होती. आणि इथे टेबलावर हा डबा. जिची तयारी झालेली असते ती बाई सालं कशाला जपून ठेवेल. तिला थंडीपर्यंत थांबायचं होतं. तिला अजून एक पातेलं चढवायचं होतं. आणि ते तिने त्याला कळू दिलं नाही.

बर्फाचा गोळा सुटून सालं डब्यात खाली बसली तेव्हा तो उठला. झाकण लावलं, फिलेची बाटली खिशात टाकली आणि डबा छातीशी धरून जिना उतरला.

नोएलीच्या घराखाली माणसं ताटं घेऊन बसली होती. नोएलीने डबा त्याच्या हातातून घेतला, झाकण उचललं. बघितलं. नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"चांगली आहेत अजून," ती हलकेच म्हणाली.

"ती मला म्हणायची की तयार आहे."

नोएलीने झाकण पुसल्यासारखं केलं. "मलाही तेच म्हणायची."

"मग तू मानलंस?"

"बहीण होती माझी. लहानपणी ताप असला तरी शाळेत जायची आणि आईला सांगायची, मी बरी आहे." तिने डबा शेगडीशेजारी ठेवला. "नाही मानलं, शा. पण तू मानलं होतंस, आणि तुला त्याने झोप लागत होती. मग मी कशाला मोडू."

शा हा शब्द आमच्याकडे लाडाने कुणालाही लावतात. ओव्हिडला मात्र नोएलीने तो आजवर कधी लावला नव्हता.

मग तिने सालं मोठ्या पातेल्यात घातली, पाणी ओतलं, कांदा आणि सेलरीच्या काड्या टाकल्या, आणि जाड बुडाची काळी कढई ओव्हिडपुढे ठेवली. गंबोचा रंग यातूनच येतो: तेल, त्यात पीठ, आणि गडद होईपर्यंत ढवळत राहायचं, क्षणभरही हात काढायचा नाही. म्हणाली, माझे गुडघे उभं राहू देत नाहीत, एल्फेजला रंग दिसत नाही, तूच ढवळ. खरं तर एल्फेजचे डोळे घारीसारखे होते. तो जमिनीकडे बघत राहिला.

आयुष्यात पहिल्यांदा ओव्हिडने डाव धरला. बाहेर ऊन, पुढ्यात शेगडी, हनुवटीवरून घाम ठिबकत होता. पहिली खेप जळली. काळे ठिपके दिसले तसं नोएलीने ते ओतून टाकलं आणि दुसऱ्यांदा तेल घातलं. या वेळी त्याने कढईत बघणं सोडून दिलं. डोळे मिटून नुसता वास घेत राहिला. आधी कच्चं पीठ. मग भाजक्या शेंगदाण्यांचा वास. मग त्याच्या पुढचा, टेबलाशी बसून कॉफी पिताना यायचा तो, ज्यानंतर अर्लीन लगेच कांदा टाकायची.

"कांदा," तो म्हणाला. नोएलीने टाकला.

सालांचं पाणी गाळून वर गेलं, शेजाऱ्यांच्या फ्रीझरमधली कोळंबी गेली, खेकडे गेले. पातेलं उकळलं. आळीभर वास पसरला. भलत्या मोसमात, घामाने निथळत, लोक ताटं घेऊन उभे राहिले. ओव्हिडने डावात थोडं घेतलं आणि पातेल्यात बघत असतानाच, त्याच्याही ध्यानात यायच्या आधी, त्याचा हात मागे गेला.

"सांग."

मागे टेबल नव्हतं. तसा हात धरूनच तो उभा राहिला. मग नोएली खुर्चीतून उठली, गुडघ्यांना शिव्या देत आली, आणि तिने डावाला तोंड लावलं.

"मीठ," ती म्हणाली. मग परत चाखून, "तिचा नाही झाला."

"नाही झाला," ओव्हिड म्हणाला. "मला वासावरूनच कळलं."

त्याने मीठ टाकलं. मग प्रत्येकाच्या ताटात स्वतः वाढलं आणि बाटलीतली उरलेली फिले पुरेल तशी चिमूट चिमूट सगळ्यांना घातली. स्वतःच्या ताटाची वेळ आली तेव्हा बाटली रिकामी होती. त्याने तसंच खाल्लं. दोन वेळा घेतलं. जेवणात तो मागे हटणारा नव्हताच.

काही उरवता येणार नव्हतं, ठेवायला थंड जागा कुठेच नव्हती. संध्याकाळपर्यंत पातेलं खरवडून झालं. उकळून फिकी पडलेली सालं ओव्हिडने काठावर नेऊन बायूत टाकली, खेकड्यांसाठी. मग तिथेच बसून त्याने निळ्या झाकणाचा डबा धुतला, सदऱ्याला पुसला, आणि तो रिकामा डबा दोन्ही हातांत धरून घरी गेला.