मुठीतलं शिसं

पडद्यावर जे पिस्तूल दिसतं ते बहुतेक वेळा ते पिस्तूल नसतंच. जवळून दाखवायचं असेल तर लोखंडी, बार उडवायचा असेल तर फुसकी काडतुसं घातलेलं, आणि नट पडणार, झटापट करणार किंवा पाण्यात उडी मारणार असेल तर रबरी. तिन्ही दिसायला सख्खी भावंडं. कुठल्या क्षणी कुठलं द्यायचं हे ठरवणाऱ्या माणसाला युनिटमध्ये सगळे दारूगोळा म्हणत. या नावावर तो खूश होता. बाकी फारशा कशावर नव्हता.

सध्या एकच माणूस त्याच्या डोक्यात गेला होता, तो म्हणजे या चित्रपटाचा खलनायक. हा एके काळी त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. एक दिवस बॅग भरून चालता झाला, धड कारणही सांगितलं नाही. घटस्फोटाचे कागद मागाहून आले. याला एकदा सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं, हे दारूगोळ्याने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. बहीण मात्र त्या विषयावर अवाक्षर काढत नसे. दर रविवारी तो तिच्याकडे जाई, ती त्याला वरवंट्याइतक्या जड मगात चहा देई, तो जावईबापूंच्या नावाने बोटं मोडी आणि ती खिडकीबाहेर बघत बसे.

खलनायकाची सगळी ख्याती त्याच्या उजव्या हातावर उभी होती. हा माणूस हत्यार रोखून पानभर संवाद बोले आणि नळीचं टोक केसभरही हलत नसे. लोक तेवढ्यासाठी तिकिटं काढत. या वेळी तयारीतच त्याने भंडावून सोडलं. पटकथेतलं पिस्तूल खेळण्यासारखं वाटतं म्हणाला. त्याऐवजी आणलेल्या दुसऱ्याची मूठ बारीक निघाली. शेवटी लांब नळीचं एक जुनं रिव्हॉल्व्हर निवडलं, अगदी धूड, तरी याचं समाधान नाही.

"मुठीत शिसं भरून द्या," तो म्हणाला.

"आणखी काय, जावईबापू? खाली चाकं लावू?"

"मला वजन हवंय. बाकी तुमचं काम तुम्हाला कळतं."

दारूगोळ्याने शिव्या घालत शिसं भरलं. नटांची थेरं, दुसरं काय. मग गच्चीवरून पडण्याच्या प्रसंगाची तालीम झाली. तिथे नियमाप्रमाणे रबरी रिव्हॉल्व्हर दिलं होतं, आणि त्या हलक्या नळीचं टोक थरथरत होतं. थोडंसंच. इतर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण इतर कुणाचं पोट त्या टोकाकडे बघण्यावर चालत नाही. दारूगोळ्याला मात्र लख्ख कळलं. याचा हात गेला होता. मुठीतल्या शिशाचं वजन तो स्थिर ठेवत होतं. त्या दिवशी दारूगोळा शिट्टी वाजवत घरी गेला.

शेवटच्या प्रसंगाला निर्माता मुद्दाम आला होता. पटकथेतल्या साहेबाच्या कचेरीची खोली उभारलेली, भिंतींना ओल्या रंगाचा वास, मॉनिटरसमोर खुर्च्या मांडलेल्या. कॅमेरा नळीपासून हातभर अंतरावर. सगळा संवाद एका दमात, मध्ये कुठे तोडायचा नाही.

लोखंडी हत्यार नटाच्या हाती देण्याची एक रीत होती आणि दारूगोळा ती कधी मोडत नसे. चक्र बाहेर काढायचं, गोळ्यांची घरं नटाच्या डोळ्यांसमोर धरायची, त्याने आत बघून "रिकामं" म्हणायचं, मगच सोडायचं. आज त्याने चक्र उघडलं नाही. नुसतं पुढे केलं. खलनायकाने हात लावायच्या आधीच ओळखलं, कारण रबरी रिव्हॉल्व्हरमध्ये उघडण्यासारखं काही नसतं.

"लोखंडी कुठंय?"

"घोडा अडकतोय. धोका नको." दारूगोळ्याने आदल्या रात्री बसून रबरावर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली होती, अगदी लोखंडाची चमक येईपर्यंत. "कॅमेऱ्याला फरक कळणार नाही. विचारा हवं तर."

दिग्दर्शकाने जवळून पाहिलं आणि मान डोलावली. "छान आहे की. सुरक्षा आधी. तुम्हाला काही अडचण आहे का?"

अडचण सांगायची तर सगळंच सांगावं लागलं असतं. खलनायकाने दारूगोळ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर दारूगोळ्याला जास्त मजा आली असती.

"नाही," खलनायक म्हणाला.

पहिली काही वाक्यं त्याने निभावली. मग टोक हलू लागलं. मॉनिटरवर ते माणसाच्या डोक्याएवढं दिसत होतं, लपायला जागाच नव्हती. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. त्याने डाव्या हाताने मनगट धरून पाहिलं, तर दोन्ही हात थरथरू लागले. कुणीतरी खोकलं. निर्माता उठून दिग्दर्शकाच्या कानाशी लागला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत या भूमिकेसाठी दुसरा माणूस शोधतायत हे चहावाल्यालासुद्धा कळलं होतं.

जाताना खलनायकाने रबरी रिव्हॉल्व्हर दारूगोळ्याच्या टेबलावर ठेवलं. "चमक चांगली आणलीत," एवढंच म्हणाला.

दारूगोळ्याला रविवारपर्यंत धीर कुठला. तो तसाच बहिणीकडे गेला आणि चहाचा मग हातात घेऊन सगळं रंगवून सांगितलं. हात कसा हलला, निर्मात्याचं तोंड कसं झालं, काही म्हणजे काही सोडलं नाही. आज पहिल्यांदाच ती खिडकीबाहेर बघत नव्हती.

"लोखंडी खरंच बिघडलं होतं?" तिने विचारलं.

"छे. ठणठणीत आहे."

"मुठीत शिसं भरून घ्यायला त्याला मीच सांगितलं होतं."

दारूगोळ्याचा मग ओठाशीच राहिला.

"आमचं लग्न होतं तेव्हापासून हलतोय तो हात," ती म्हणाली. "कपातला चहा सांडायचा, म्हणून तुझ्या हातातला हा जड मग शोधून आणला होता. शिशाचंही तेव्हाच सुचवलं होतं. तो गेला तेव्हा मला किती चीड आली होती, तुला कल्पना नाही. एक फोन करून त्या हाताचं सांगितलं असतं तर त्याला कुठल्याही निर्मात्याने दारात उभं केलं नसतं. ते माझ्या हातात होतं, दादा. आणि मी केलं नाही. रोज मनात यायचं, रोज नाही केलं. तू कोण करणारा?"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी असतं तर मला विचारलं असतंस."

तिने त्याच्या हातातून मग काढून घेतला. उरलेला चहा मोरीत ओतला, तो मग धुतला, पुसला आणि त्याचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवला. नंतर दार उघडलं आणि ते धरून उभी राहिली. ती त्याच्या बुटांकडे बघत होती. त्याने ते घातले.

"रविवारी येऊ नकोस," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्याही."