मोहाखालची टोपली

नूतनचं मत होतं की मी वाईट लिहितो. एका ओळीच्या हायकूतही मी दोन उपमा आणि एक उपदेश कोंबायचो. "मिथुन, दिसलं तेवढंच लिही," ती म्हणाली. "रंगबिंग, कारणं काही नको. बाकीचं वाचणारा पाहून घेईल." आमच्या गावात हायकू वाचणारी ती एकटीच. म्हणजे माझा अख्खा वाचकवर्ग तीच.

मोहाचे दिवस होते. सकाळी अर्धं गाव सिंदेवाहीकडच्या जंगलात फुलं वेचत होतं, मीही. एका झाडाखाली अर्धी भरलेली टोपली दिसली. बाजूला कोणी नाही. मी टेकाडावर चढलो, रेंज तिथंच मिळते, आणि नूतनला पाठवलं:

मोहाखाली टोपली, वाकलेलं कोणीच नाही

लगेच उत्तर आलं. "टोपलीले निळी दोरी आहे का?"

मी जरा नाराज झालो. "रंग नको, तूच सांगतलं."

"मिथुन, माही आई कुठी आहे?"

हायकूत आई आली की हायकू संपतो, असं मी टाइप करत होतो. तेवढ्यात रेंज गेली.

मोह वेचणारं माणूस वाकलेलं असतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं. आमच्याकडे हे पहिलीतल्या पोट्ट्यालाही माहीत आहे. मला टेकाड उतरल्यावर आठवलं. तोवर काठ्या, डबे, फटाके घेऊन गाव पोचलं होतं. सगळ्यांच्या पुढे नूतन, अनवाणी.

फटाके फुटले तशी नूतनची आई, रुखमाबाई, नाल्यातून वर आली. हातात पाण्याची बाटली.

"कोणाचं लग्न आहे बाप्पा?"

नूतन होती तिथंच खाली बसली. कोणीतरी माझ्या हातातला फोन घेऊन रुखमाबाईसमोर धरला. तिनं एकेक शब्द लावून ओळ वाचली. मग टोपलीकडे पाहिलं. डबे वाजवणारेही थांबले.

"मले नेलं असतं त असंच दिसलं असतं," ती म्हणाली. "बरोबर लिहिलं पोट्ट्यानं. आता व्हा बाजूले, फुलं तुडवून राह्यले तुम्ही."

नूतन उठून माझ्यासमोर आली.

"जमला," ती म्हणाली, आणि कानाखाली वाजवली.

ओळीत मी काहीच बदललं नाही.