समुद्राचा वाटा

मी जाळं बोलतोय. मासे धरायचं नाही, गोलचं. साओ तोमे या आमच्या बेटावरच्या मोठ्या मैदानावर समुद्राच्या बाजूला जो गोल आहे, त्याच्या खांबांना मला बांधलेलं असतं. बोलायची मला सवय नाही. पण आज जीव थाऱ्यावर नाही. आपल्या देशाचा संघ आज परक्या देशात खेळतो आहे, आणि त्यांच्यात झेफेरिनो आहे. तो तिथे गेला तो माझ्यामुळे, आणि जाणार नव्हता तोही माझ्यामुळेच. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म पांतुफोचा. तिथे सगळे मासेमारीवर जगतात. मला सालुस्तिनोने विणलं. त्या वर्षी देशाचा सामना घरच्या मैदानावर ठरला होता आणि बाहेरून मागवलेली जाळी बोटीने आलीच नाहीत. सामना चार दिवसांवर आला तेव्हा मैदानाचे लोक सालुस्तिनोच्या दारात येऊन उभे राहिले.

"गोलचं जाळं? मी आजवर माशांचं विणलं," तो म्हणाला.

"बॉल माशापेक्षा मोठा असतो बाबा. सोपं जाईल तुम्हाला."

चार दिवसांत त्याने दोन जाळी विणली. एक मी आणि दुसरा माझा भाऊ. तो डोंगराच्या बाजूच्या गोलला असतो. आम्ही जन्मभर एकमेकांकडे लांबून बघत आलो, जवळ कधी आलो नाही. सालुस्तिनोच्या हाताखाली त्याची मुलगी फेलिस्मिना होती. दोर ओढून धरायची, गाठ आवळायची. तेव्हा ती वीस-बावीस वर्षांची असेल.

सालुस्तिनोच्या घरची एक रीत होती. जाळं पुरं झालं की शेवटची एक गाठ तो मारायचा नाही. खालच्या कोपऱ्यात एक डोळा, म्हणजे जाळ्याचं एक भोक, सैल सोडायचा. "हा समुद्राचा वाटा," म्हणायचा. "सगळंच आपण धरलं तर त्याला राग येतो." माशांच्या जाळ्यात एका डोळ्याने काय बिघडतं? चार मासे गेले तर गेले. मला विणतानाही त्याचा हात सवयीने तिथे थांबला. डाव्या खांबाजवळ, अगदी खाली, गवतात लपेल असा एक डोळा सैल राहिला. फेलिस्मिनाने ते बघितलं होतं. पण बापाला कोण सांगणार की मैदानात समुद्र नसतो म्हणून!

माझ्या पहिल्याच सामन्यात आम्ही पाच गोल खाल्ले. त्यातले तीन माझ्यात बसले. जाळ्याचं दुःख माणसांना कळत नाही. अर्धा वेळ आपला गोलकीपर माझ्यासमोर उभा असतो, तेव्हा मी देवाला म्हणतो, काही येऊ देऊ नको. मग दोन्ही संघ बाजू बदलतात, आणि मी त्याच देवाला म्हणतो, आता येऊ दे, एक तरी येऊ दे. इतक्या वर्षांत पहिलं मागणं त्याने फार कमी वेळा ऐकलं. दुसरं तर बोटांवर मोजण्याइतकं.

आमच्या संघाचं नशीबच असं आहे. हरलो की स्पर्धेतून बाहेर. बाहेर पडलो की दोन-दोन वर्षं सामना नाही. एकदा तर कितीतरी वर्षं कुणी आमच्याशी खेळायला आलंच नाही आणि आम्हीही कुठे गेलो नाही. त्या काळात मला कुणीतरी उचलून नेलं आणि अळूच्या वाफ्याला कुंपण म्हणून बांधलं. रस्त्यावरची डुकरं येऊन मला तोंड लावायची. एका डुकरिणीला नेमका तो सैल डोळा सापडला. ती रोज तिथे नाक खुपसायची, ओढायची, चावायची. आजूबाजूच्या दोन-तीन गाठी तिथेच झिजल्या.

पुढे सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा फेलिस्मिना मैदानाची राखणदार झाली होती. तिने मला शोधून काढलं, धुतलं, ठिकठिकाणी शिवलं. रेषांचा चुना, कोपऱ्यावरचे झेंडे, आम्ही दोघं भाऊ, सगळं तिच्या ताब्यात. खेळाडू तिला मावशी म्हणतात. तो खालचा कोपरा मात्र तिने शिवला नाही. तिथे तिचा हात आला की ती थांबायची. सालुस्तिनो तोवर गेला होता. बापाची ती एक खूण राहू दे, असं तिला वाटत असावं. झिजलेल्या गाठी तिने बघितल्या नाहीत. किंवा बघितल्या असतील आणि टिकतील असं वाटलं असेल.

आता झेफेरिनोचं सांगतो. तो मोटारसायकलवर लोकांची ने-आण करतो. वय तेहेतीस. अकरा वर्षं देशाकडून पुढच्या फळीत खेळतो आहे आणि अकरा वर्षांत त्याचा एकही गोल नाही. लोक थट्टा करतात. त्याच्या गाडीवर बसताना म्हणतात, "झेफे, नीट ने हां. तुझा नेम आम्हाला माहीत आहे." तो हसतो. पण सराव संपल्यावर तो एकटा माझ्यासमोर थांबतो आणि वीस-वीस वेळा बॉल मारतो. रिकाम्या गोलात त्याचा बॉल बरोबर बसतो. तो कसा मारतो ते मला पाठ आहे.

मागच्या रविवारी इथे सामना झाला. समोरचा संघ मोठ्या देशाचा. दोन सामने होते, एक आमच्याकडे, एक त्यांच्याकडे. दोन्ही मिळून जो जिंकेल तो पुढे. जो हरेल त्याला दोन वर्षं काही नाही. पंचविशीतला खेळाडू दोन वर्षं थांबू शकतो. झेफेरिनोला ते जमणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सामन्याआधी रेफ्री आला. त्याने माझी वरची दोरी दोनदा ओढली, मान हलवली आणि गेला. झिमझिम पाऊस होता, खाली वाकायला त्याला कंटाळा आला असेल. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो, खाली बघा. पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या हाफमध्ये त्यांचा गोलकीपर माझ्यासमोर आला. शून्य-शून्य चाललं होतं. वीस मिनिटं राहिली असतील. झेफेरिनोला उजवीकडून बॉल मिळाला. त्याने मान वर केली नाही. सरावात मारतो तसाच मारला, जमिनीलगत, लांबच्या खांबाच्या आतून. बॉल गोलकीपरच्या बोटांपलीकडून आत आला आणि थेट त्या कोपऱ्यात माझ्यावर आदळला. मी त्याला धरला. खरंच धरला होता. मग झिजलेल्या गाठी एकेक करून तटातट सुटल्या, आणि बॉल माझ्यातून बाहेर निघून मागच्या जाहिरातीच्या पाटीला जाऊन लागला.

झेफेरिनो दोन्ही हात पसरून पळत सुटला. लोक उठले. आणि रेफ्रीने हात करून दाखवलं, बाहेर. त्याला लांबून वाटलं, बॉल खांबाच्या बाहेरून जाऊन जाळ्याला घासला. रेषेवरचा माणूस त्याच क्षणी ओल्या गवतात घसरून पडला होता. त्यांच्या गोलकीपरने तेवढं माझ्याकडे बघितलं. मग त्याने नजर फिरवली, बॉल उचलला आणि गुपचूप मारायला ठेवला.

"आत गेला! आत होता!" झेफेरिनो ओरडत राहिला. पिवळं कार्ड मिळेपर्यंत ओरडला. सामना शून्य-शून्य सुटला.

कोच त्याला म्हणाला, "बस झालं आता. जाळं फाटलेलं असतं तर फेलिस्मिनाने सामना होऊ दिला असता का? तिच्या बापाच्या हातचं जाळं आहे ते. सालुस्तिनोचं."

ती तिथेच उभी होती. तिने अजून बघितलं नव्हतं. लोक गेल्यावर ती मला सोडवायला आली, तेव्हा तिचा हात त्या कोपऱ्यातून कोपरापर्यंत आरपार गेला. मग ती तिथेच चिखलात बसली.

पुढचे दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. बाजारात झेफेरिनोची गाडी थांबली की मासळीवाल्या बायका सुरू व्हायच्या.

"काय रे, बॉल सापडला का? माझ्या टोपलीत बघतोस का एकदा?"

"अगं, त्याचा बॉल आत जातो, पण कुणाला दिसत नाही. चर्चमधल्या पवित्र आत्म्यासारखा!"

हे सगळं फेलिस्मिनाच्या कानावर यायचं. रोज ती मला मांडीवर घेऊन बसायची, सुईत दोरा ओवायची आणि तशीच ठेवून द्यायची. एकदा तर तिने दोन गाठी मारल्या आणि परत सोडल्या. शिवून टाकलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. "बाबा, काय करून ठेवलंत," एवढंच ती पुटपुटायची. पांतुफोत अजून नवं जाळं नीट झालं तर म्हणतात, सालुस्तिनोसारखं झालं. ते नाव तिला जपायचं होतं. आणि तिचं स्वतःचं नाव? मैदानाचं काम तिच्याकडून गेलं असतं.

बुधवारी झेफेरिनो कोचकडे आला. मी भिंतीपलीकडच्या खोलीत होतो, सगळं ऐकू आलं.

"मी येत नाही. दुसऱ्या कुणाला न्या."

"वेड लागलंय का?"

"खोटारड्याला कशाला नेता? सगळा गाव तसंच म्हणतो. तुम्हीही मनात तेच म्हणता."

तसं नाही, असं कोच म्हणाला नाही, हेच वाईट झालं. विमान शुक्रवारी सकाळी होतं.

गुरुवारी शेवटचा सराव. फेलिस्मिनाने झेफेरिनोला निरोप पाठवला होता, बूट न्यायला तरी ये. तो आला. तिने मला खांबांना बांधलं, तसंच, न शिवता. मग ती सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"मला बोलायचंय."

"काय मावशी, चुना संपला का?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

ती हसली नाही. तिने एक बॉल उचलला, माझ्यापासून दहा पावलांवर ठेवला आणि पायातल्या चपलेनेच मारला. पहिला बॉल भलतीकडेच गेला. दुसरा हळूहळू घरंगळत आला, खांबाच्या आतून माझ्या कोपऱ्यात लागला आणि माझ्यातून बाहेर जाऊन गवतात थांबला.

कोच वाकून भोकाकडे बघू लागला.

"माझ्या बापाने तो डोळा सोडला होता," ती म्हणाली. "मला माहीत होतं. मी शिवला नाही. झेफे खरं बोलत होता."

झेफेरिनो पुढे आला. गुडघ्यांवर बसून त्याने हात भोकात घातला, खांद्यापर्यंत. तुटलेल्या गाठी त्याने बोटांनी एकेक चाचपल्या.

"मावशी, तुम्हाला रविवारीच कळलं होतं?"

"हो."

"चार दिवस! त्या मासळीवाल्या मला... तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाता. ऐकत होतात तुम्ही."

"ऐकत होते. दे शिव्या. माझ्या बापाला देऊ नको, मला दे."

त्याने शिव्या दिल्या नाहीत. तो उठून लांब जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. कोच त्याच्याजवळ गेला आणि काहीतरी बोलला. माफी मागितली असेल, मला ऐकू आलं नाही. एवढंच ऐकू आलं की झेफेरिनो म्हणाला, "उद्या किती वाजता निघायचं?" जाताना तो फेलिस्मिनाशी बोलला नाही. तिने पुढे केलेले बूट मात्र घेतले.

बातमी संध्याकाळपर्यंत बाजारात पोचली. आता बायका त्याला काही म्हणत नाहीत. फेलिस्मिनाला म्हणतात, आणि तिच्या बापालाही. ती मान खाली घालून मासे घेते आणि येते. तिच्या कामाचं काय करायचं ते सामना झाल्यावर ठरवणार आहेत.

आज रविवार. ती माझ्या पायाशी बसून तो कोपरा शिवते आहे. शेजारी रेडिओ आहे. तिथे पहिला हाफ संपला, एक-एक. आमचा गोल दुसऱ्याच कुणीतरी केला. बरोबरी राहिली तर पेनल्टी होतील, आणि रेडिओवाला म्हणाला, पहिली मारायला झेफेरिनो येईल. मध्येच आवाज जातो. मग फेलिस्मिना सुई दातांत धरून रेडिओला थापट्या मारते. आवाज परत येईपर्यंत मला श्वास घ्यावासा वाटत नाही.

मी इथून काय करणार? मी इथल्या खांबांना बांधलेला. म्हणून हे सगळं तिथल्या एकाच्या भरवशावर बोलतो आहे. त्या लांबच्या मैदानावरच्या जाळ्या, तुला कुणी विणलं मला माहीत नाही. कारखान्यात झाला असशील. तू त्यांचा आहेस, आमचा नाहीस, तेही कळतं. पेनल्टी आत यावी असं तू म्हणू नकोस. ते माझं मी म्हणतो. पण एक माणूस तिथे येईल, तेहेतीस वर्षांचा, मान वर न करता मारणारा. त्याचा बॉल आत आलाच, तर त्याला धर. घट्ट धर. रेफ्रीला दिसेल, लोकांना दिसेल, त्याला स्वतःला दिसेल, एवढा वेळ तरी धर.