कागदाआडचा दिवा

ती दुकानाची काच सजवायची, म्हणून घरीदारी सगळे तिला काचवालीच म्हणत. जगाच्या उंबऱ्याशी यायच्या कितीतरी आधी सण तिच्या काचेत येऊन बसलेला असे. बाहेर अंगाची लाही होत असताना ती कापसाचे ढग टांगायची, सोनेरी तारे ओवायची, प्लॅस्टिकच्या बाहुल्यांना हात जोडायला लावायची. आणि खऱ्या सणाच्या संध्याकाळी, सारं जग घरी परतत असताना, तेच तारे उतरवून तिथं सेलचे लाल आकडे लावायची. तिच्या लेकीला तर वाटायचं, सण काचेतच राहतो आणि आई त्याला जेवू घालायला जाते.

घरची रीत मात्र जुनी. शेवटचं पाऊल ज्याचं घरात पडेल, त्यानं दिवा लावायचा. तोवर घर अंधारात बसून वाट बघणार. गेली काही वर्षं शेवटचं पाऊल काचवालीचंच, आणि ते पडेपर्यंत लेक पेंगलेली, सण शिळा झालेला.

यंदा सासूबाईंची नजर फार मंदावली होती. माणसं त्यांना धुक्यातल्या झाडांसारखी दिसत. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या कुरकुरल्या नाहीत. उजेड अजून ओळखू येतो, तो आहे तोवर एकदा तुझ्या हातचा दिवा डोळे भरून बघू दे, एवढंच म्हणाल्या. काचवालीनं यंदा लवकर घरी यायचा शब्द दिला. आणि सणाच्याच सकाळी मॅनेजरनं सांगितलं, सेलची काच आज झालीच पाहिजे.

काच बदलायची तर आधी आतून तपकिरी कागद लावायचा, म्हणजे अर्धवट सजावट रस्त्याला दिसत नाही. संध्याकाळी कागद चिकटवून ती आत उभी होती, हातात लाल आकडे. तेवढ्यात मागचं बुटकं दार करकरलं. लेक आजीला हाताला धरून आत येत होती.

"म्हटलं, सण तुझ्याकडेच मुक्कामाला आहे," सासूबाई ढगांखाली टेकत म्हणाल्या, "तर आपणच जावं पाहुणे म्हणून."

पदराआडून दिवा निघाला. पण शेवटचं पाऊल तर म्हातारीचं. सासूबाई म्हणाल्या, "तू जा गं बाहेर. आणि परत ये."

काचवाली दाराबाहेर गेली. वळली. वाकून आत आली तेव्हा ती खरंच फार लांबून आल्यासारखी वाटत होती. तिनं काडी ओढली.

ज्योत उभी राहिली आणि कापसाचे ढग गुलाबी झाले. तारे हलके हलके फिरू लागले, आणि बाहुल्यांची तोंडंसुद्धा ओळखीची वाटू लागली. सासूबाईंच्या ओठांवर गाणं आलं:

थांब माझ्या वाती, नको घाई करू,
वाटेवर आहे माझं एक लेकरू.

बाहेर रस्त्यावर पावलं थबकली. कागद मधासारखा उजळला होता आणि आतून कुणी गात होतं. माणसं पिशव्या खाली ठेवून उभी राहिली.

मॅनेजर धावत आला तो दिवा विझवायला. पण रस्त्यावरची गर्दी त्यानं पाहिली होती. तो दारातूनच हळू आवाजात समजावू लागला की कागद काढू या, आजी अशाच बसू देत, सेल संपेपर्यंत रोज संध्याकाळी. खुर्ची देऊ, मानधन देऊ.

काचवालीनं सासूबाईंकडे पाहिलं. झोपेतल्या बाळासारखा तो चेहरा उघडा पडला होता.

"नाही सर. कागद मी काढणार नाही."

"मग उद्यापासून गोदामात खोकी रचा."

"रचीन."

तो पाय आपटत गेला. सासूबाईंची तंद्री जराशी मोडली.

"कोण होतं गं?"

"दुकानातले. तुम्हाला बघायचं म्हणत होते."

"मला काय बघायचंय?" म्हातारीनं तोंड पुन्हा ज्योतीकडे वळवलं. "थांबायला सांग त्यांना. माझंच अजून बघून व्हायचंय."