वेशीबाहेरचा सेनापती

माझा धाकटा भाऊ सर्व्हियस हिस्पानियातली लढाई जिंकून आला आणि रोमच्या वेशीबाहेर अडकून पडला. रथातून विजयाची मिरवणूक हवी असेल, तर ती मंजूर होईपर्यंत सेनापतीनं शहराची सीमा ओलांडायची नाही. ओलांडली की त्याच क्षणी सेनापतिपद गेलं, मिरवणूकही गेली, मग बसा घरी. सर्व्हियसचा तंबू आमच्या घरापासून इतका जवळ, की चुलीवर मसूर चढवून निघालं तर शिजायच्या आत परत यावं. आणि घरात आई शेवटच्या घटका मोजत होती.

या मिरवणुकीसाठी तिनं काय केलं नाही? बाबांना सिनेटमध्ये शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही, ते तिला कायम टोचत राहिलं. मग तिनं सर्व्हियसला खजिन्याच्या कामाला लावलं, बाजार आणि खेळ सांभाळायच्या पदावर निवडून आणलं, पुढे न्यायाधीश केलं. दर निवडणुकीत माझ्या नवऱ्याच्या ओळखी वापरल्या आणि वर मलाच सुनावलं, की मुलीचा काय उपयोग. सर्व्हियसला खरं तर द्राक्षमळ्यावर राहायचं होतं. पण त्याला विचारतो कोण?

त्याचं ऐकायला सिनेट वेशीबाहेरच्या देवळात जमायची. प्रत्येक वेळी लोकांचा प्रतिनिधी ऑगुल्नियस उठायचा आणि म्हणायचा, "माझी मनाई आहे." एका माणसाची मनाई, की सगळं ठप्प. कारण काय, तर मेलेले शत्रू नियमापेक्षा कमी भरतात. सर्व्हियसनं अर्ध्या गावांशी तह केला होता आणि माणसं वाचली होती. एवढाच त्याचा गुन्हा.

मी तंबूत गेले तेव्हा तो पाव कुरतडत बसला होता.

"कशी आहे, ताई?"

"वैद्य म्हणतो, हलवायचं नाही. हलवलं तर वाटेतच जाईल."

"मग मीच येतो."

"तिचा निरोप ऐक आधी. 'मेल्याला म्हणावं, रथातून आलास तरच तोंड दाखव.'"

तो हसला. "म्हणजे जीभ अजून शाबूत आहे."

"तुझे दाजी त्या ऑगुल्नियसकडे गेले होते. दारातूनच हाकललं."

"आणखी चार गावं जाळायला हवी होती मी," तो पाव खाली ठेवत म्हणाला. "एव्हाना तिच्याजवळ असतो."

मला भयंकर राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मी त्याच्या अंगावरचा पावाचा चुरा झटकला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी आई तापात बरळायला लागली. "सर्व्ही कुठाय? अंधार पडला, पोरगं घरी नाही अजून. बोलवा ना त्याला." बाहेर लख्ख ऊन होतं. तेच तेच ऐकून आमच्या दासीला राहवेना. ती मला न विचारताच तंबूकडे पळाली.

थोड्या वेळानं सर्व्हियस दारात उभा. तलवार नाही, सेनापतीचा लाल झगा नाही, बरोबर कुणी नाही. सीमेवर त्याला कुणी अडवलं नव्हतं. अडवायचं काम तिथं कुणाचंच नसतं.

तोवर आईचा ताप उतरला होता. तो तिच्याजवळ बसला, तिचा हात हातात घेतला.

"आई, मी आलोय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या साध्या कपड्यांकडे. हात सोडवून घेतला.

"कोण हो तुम्ही?"

"अगं, मी सर्व्ही."

"माझा मुलगा सेनापती आहे. तो वेशीबाहेर असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नुमिसिया, यांना बाहेर बसव."

तिनं त्याला ओळखलं होतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी उशीवर उतरत होतं, ते मी पाहत होते. सर्व्हियसनंही पाहिलं. तो उठला आणि अंगणात जाऊन बसला.

आई संध्याकाळपर्यंत होती. त्याला आत आणायला मी उठायला गेले, की ती माझं मनगट धरून ठेवायची.