तासभर मुरणारं टपाल

वाद्यं दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटनेत तिला सगळे टपालबाई म्हणत. संघटनेचा सर्व्हर तिच्या कारखान्याच्या माळ्यावर, मोडक्या व्हायोलिनांच्या शेजारी घरघरत असे. सभासदाने सगळ्यांसाठी मेल टाकली की ती आधी तिथे तासभर मुरायची, मगच पुढे जायची.

हा तास तिने मुद्दाम ठेवला होता, तोही एकाच माणसापायी. तो म्हणजे तिचा थोरला भाऊ, संघटनेचा अध्यक्ष. हातात जादू, पण राग नाकाच्या शेंड्यावर. कुणी वाकडा शब्द बोललं की हा पठ्ठ्या राजीनामा लिहून मोकळा! थोड्या वेळाने पारा उतरला की फोन यायचाच.

"टपालबाई, अडव गं तो राजीनामा."

"अडवला. मला ठाऊकच होतं."

मग वहिनीचे गुडघे, भाचीची परीक्षा, लहानपणी दोघांनी खोललेला आणि पुन्हा कधीच न जुळलेला रेडिओ. हसून हसून पुरेवाट व्हायची. एरवी दोघंही कामाच्या रामरगाड्यात, राजीनाम्याच्या निमित्ताने बोलणं व्हायचं तेवढंच. फार गोड दिवस होते ते.

पुढे त्या सर्व्हरने मान टाकली. आणखी दोन संघटनांबरोबर सामाईक सर्व्हर घ्यायचं ठरलं. सभासदांच्या याद्या तिनेच तिकडे हलवल्या, कुठली मेल कुठून कुठे जाईल ते रस्तेही तिनेच आखले. पण तिथे टपाल मुरवायची सोय नव्हती. दुसऱ्यांची पत्रं हिच्या भावासाठी का खोळंबावीत? 'यापुढे मेल लगेच जाईल,' असं तिने समस्त सभासदांना कळवलं आणि हुश्श केलं.

पुढच्याच आठवड्यात प्रदर्शनाच्या मांडणीवरून खटका उडाला. दादाचा राजीनामा तिच्या स्क्रीनवर आला. आणि त्याच क्षणी तो सगळ्यांच्याच स्क्रीनवर आला. बघता बघता उत्तरंही आली, आणि तीही गोड: 'खूप केलंत, आता आराम करा.' उपाध्यक्षांनी तर आभारासकट तो मंजूरही करून टाकला.

तेवढ्यात फोन वाजला.

"टपालबाई, अडव गं."

"दादा, गेला रे तो. मी कळवलं होतं सगळ्यांना."

"तुझी पत्रकं मी कधी वाचलीत? वाटायचं, महत्त्वाचं असेल तर फोन करशील."

तिला रडू कोसळलं. गावाला दवंडी पिटली आणि घरच्याला सांगायचं राहिलं.

"रडू नकोस. कधीतरी सोडायचंच होतं," तो म्हणाला. मग हळूच, "आता तुला फोन करायला निमित्त उरलं नाही, एवढंच."

"उद्यापासून मी करीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा बाजूला ठेवून तिने फोन लावला. वहिनीने उचलला, तिचा आवाज ओळखला आणि घाबरून विचारलं, "काय झालं गं? सगळं ठीक आहे ना?"